डावा बूट

तीन रात्री मला झोप नव्हती, आणि कारण होतं सहा मिलिमीटर.

सहा मिलिमीटरसाठी कुणी जागतं का? ह्यू, माझा नवरा, नेमकं हेच म्हणाला, ब्रिस्टलहून, फोनवर. सोमवार ते शुक्रवार तो तिकडे नोकरीला असतो आणि तिथून त्याला आमच्या घरातल्या सगळ्याच गोष्टी बारीक दिसतात. मी म्हटलं, खरंय तुझं. फोन ठेवला आणि पुन्हा मोजपट्टी शोधायला लागले.

झालं होतं असं. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी हेटीला घेऊन बाजारच्या गावी गेले, तिला हिवाळ्याचे बूट घ्यायला. हेटी साडेचार वर्षांची, आमची एकुलती एक. दुकानातल्या बाई मुलांचा पाय लाकडी मापावर ठेवतात, टाच मागे टेकवतात, सरकती पट्टी अंगठ्याला लावतात आणि आकडा कार्डावर लिहितात. असली कार्डं जपून ठेवणाऱ्या आयांपैकी मी. "वाढत्या पायाचे द्या," मी नेहमीसारखं म्हटलं. माझी आईही असंच म्हणायची. माझं अख्खं बालपण एक माप मोठ्या बुटांत फटक्‌फटक्‌ करत गेलं.

बाईंनी उजवा पाय मोजला. एकशे सत्तर. सप्टेंबरात एकशे अडुसष्ट होता. मग डावा. त्यांनी पट्टी उचलली, पुन्हा ठेवली, हेटीचा मोजा ओढून ताणला.

"पाय आखडू नको हं, सोन्या."

हेटी पाय आखडत नव्हती. एकशे बासष्ट. आणि सप्टेंबरात, माझ्या कार्डावर, बाईंच्याच अक्षरात, डावाही एकशे अडुसष्ट.

मागच्या वेळी आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं बाई म्हणाल्या आणि डाव्या बुटात एक जास्तीचा सोल घालून दिला. त्यांचं तेवढ्यात समाधान झालं. माझं होईना. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तीनदा मोजा, सरासरी काढा, मगच तोंड उघडा, हे मी आठवड्यातून चार वेळा फळ्यापाशी म्हणते. तेव्हा मी तीनदा मोजलं. रविवारी एकशे एकसष्ट. मंगळवारी एकशे साठ. आईच्या काळजीला मोजपट्टी मिळाली की काय होतं ते मला ठाऊक आहे, म्हणून मी स्वतःवरच संशय घेत राहिले. स्वतःवर संशय घेणं मला फार छान जमतं. पण पट्टी काही माझ्यासारखी घाबरट नव्हती.

आमच्या घराला गावात 'टॅनर्स' म्हणतात. कधीकाळी इथे कातडी कमावणारा राहायचा. काळ्या ओकचा सांगाडा, त्यात कुडाच्या भिंती, वरून चुना. चारशे वर्षांत एकही कोपरा काटकोनात उरलेला नाही. हेटीने खालच्या खोलीत कुठेही गोटी ठेवली की ती आपणहून घरंगळत फायरप्लेसपाशी जाते. लाकडाचं घर, ते बोलणारच. उन्हानं ताणतं, गारव्यानं आखडतं, खुंट्या कुरकुरतात. पहिला महिना मी प्रत्येक आवाजाला दचकायचे. मग आवाज ओळखीचे झाले, आणि म्हणूनच ऑक्टोबरनंतर त्यांच्यात एक नवा आला तो मला लगेच कळला. कातडं विटेवर घासल्यासारखा. एकदा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा. एका पायानं चालणारं कुणी, असं मी मनात म्हटलं आणि लगेच स्वतःला दटावलं.

ऑक्टोबरात काय झालं होतं ते सांगायला हवं, कारण ती चूक माझी.

फायरप्लेसमधे स्टोव्ह बसवायचा म्हणून क्लाइव्ह आले होते. क्लाइव्ह म्हणजे चुन्याचं काम करणारे गवंडी. पंचक्रोशीत जुन्या घराला हात लावायचा तर त्यांनीच. मला थट्टेनं बाईसाहेब म्हणतात. फायरप्लेसच्या आत, डाव्या अंगाला, जमिनीपासून हातभर उंचीवर विटा सुट्या झाल्या होत्या. त्या काढल्या तर मागे कोनाडा, आणि कोनाड्यात लहान मुलाचा एक बूट. माझ्या तळहातावर मावेल एवढा. कातडं वाळून लाकूड झालेलं, टाच एका कडेनं झिजलेली, आणि आत तळव्यावर पाच बोटांचे पाच खळगे.

क्लाइव्हनी तो मला दाखवला आणि परत ठेवायला हात वळवला.

"परत?" मी म्हटलं. "अहो, इतिहास आहे हा."

"आहेच की," क्लाइव्ह म्हणाले. "आत होता तेव्हाही होताच."

मी ऐकलं नाही. चार बुकं शिकलेल्या बाईनं जे करावं ते सगळं मी केलं. फोटो काढले, जिल्ह्याच्या म्युझियमला फोन केला. तिथल्या बाई हातमोजे घालून आल्या. घराची राखण म्हणून जुन्या काळी पोराचा वापरलेला बूट असा भिंतीत चिणून ठेवत, म्हणाल्या. त्या काळी डावा-उजवा वेगळा शिवत नसत, पण झीज बघा, हा डाव्याच पायात घातलेला, असं त्यांनी समजावलं. देणगीच्या कागदावर मी सही केली. आठवड्यानं आभाराचं पत्र आलं, बुटाचा क्रमांक, मापं, सगळं. ते मी फ्रिजवर लावलं. सांगताना लाज वाटते, पण लावलं. कोनाडा उघडाच राहिला, कारण स्टोव्ह यायला उशीर होत होता.

तर, बूट खरेदीनंतरच्या बुधवारी मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते. दुपारचे तीन वाजले असतील. बराच वेळ हेटीचा आवाज नाही, हे माझ्या लक्षात आलं. आयांना माहीत असतं, गडबडीपेक्षा शांतता वाईट. बाहेरच्या खोलीत गेले. हेटी माझ्याकडे पाठ करून फायरप्लेसमधे छोट्या तिवईवर बसली होती. डावा बूट काढून नीट बाजूला ठेवलेला, त्यात मोजा घडी करून. आणि डावा पाय समोरच्या कोनाड्यात, घोट्याच्या वरपर्यंत.

"हेटी, काय करतेस?"

"थांब ना," ती म्हणाली. "आता तिची पाळी आहे."

"कुणाची?"

"तिचा बूट तू देऊन टाकलास ना... मग ती माझा पाय घेते. दुपारचाच. शाळेत सांगतात, वाटून घ्यायचं."

मी तिला उचललं. पाय नदीतल्या दगडासारखा गार होता. बोटांच्या बेचक्यात काजळी, आणि वास... ओल्या कातड्याचा, चरबीच्या मेणबत्तीचा. आमच्या घरात चरबीची मेणबत्ती कुणी कधी लावलेली नाही. मी पाय गरम पाण्यात धरला, चोळला, पुसला आणि मोजला. एकशे सत्तावन्न.

फायरप्लेसला लोखंडी जाळी लावली, कडीत कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हेटी माझ्या मांडीवर बसून चित्रं रंगवत होती, कोनाड्यापासून दहा हात दूर, आणि तरी तिचा डावा मोजा हळूहळू सैल होत खाली आला. तळव्याशी काळा झालेला.

डॉक्टरांनी मापं पाहिली, माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मला झोप लागते का विचारलं. शेवटी तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. नंबर अकरा आठवड्यांनी. घरी येऊन दूध काढायला फ्रिज उघडायला गेले, तर म्युझियमचं पत्र डोळ्यांसमोर. महिनाभर तिथे होतं, मी वाचलेलं होतं. आज त्यातली एकच ओळ दिसली. आतली लांबी: एकशे अडतीस मिलिमीटर.

मी शिक्षिका आहे. वजाबाकी आपोआप झाली. त्या दिवशी हेटीचा पाय एकशे पंचावन्न होता.

मी काही अगदीच खुळी नाही. त्याच संध्याकाळी पोरीला गाडीत घातलं आणि ब्रिस्टलला ह्यूकडे गेले. तिथे आम्ही दोन दिवस राहिलो. मांजरासारखं घराला चिकटून बसू नकोस, इकडेच या राहायला, ह्यू म्हणाला. हेटी मात्र दोन्ही दिवस खिडकीत बसून होती, डावा पाय अंगाखाली दुमडून. कोनाड्यातली ती वाट बघतेय, म्हणाली, पळून आलो म्हणून रागावली आहे. रविवारी मोजलं तर तीन मिलिमीटर गेलेले. घरी असताना सरासरी रोज एक जायचा. ह्यूनं स्वतः मोजलं, पुन्हा मोजलं. मग पट्टी माझ्या हातात परत दिली. पळाल्यानं वाढतं, हे मला कळलं. आम्ही परत आलो.

सोमवारी मिसेस प्रॉबर्ट आल्या. त्या शेजारच्या घरात राहतात, एक्याऐंशीच्या आहेत, जन्मल्या मात्र आमच्या घरात. अंडी द्यायच्या निमित्तानं येतात आणि मी घराचं काय काय बिघडवलं ते बघून जातात. चहा झाला. त्यांनी हेटीला खोलीभर चालताना पाहिलं.

"तुझी पोर डावा पाय पुरता टेकत नाही."

मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवलंय.

"बूट कुठाय?"

"म्युझियममधे."

त्यांनी कप खाली ठेवला. "शिकलेली माणसं," एवढंच म्हणाल्या. मग वाकून स्वतःच्या डाव्या बुटाची नाडी सोडायला लागल्या. मला वाटलं, पाय दुखत असेल. त्यांनी बूट काढला, त्यातला कापसाचा बोळा काढला, जाड मोजा उतरवला. सुरकुतलेल्या नडगीच्या खाली सहा वर्षांच्या मुलीचं पाऊल होतं. गुबगुबीत. गुलाबी. नखं लहान मुलांची असतात तशी पातळ.

"बापानं शाळामास्तरांना दाखवायला नेला होता तो बूट," त्या म्हणाल्या. "एका हिवाळ्यापुरता. परत आणून ठेवला तेव्हा थांबलं, पण गेलं ते गेलं. जन्मभर दोन-दोन जोड घेते मी, एकेक बूट टाकून देते. गावाला वाटतं पोलिओ. वाटू दे."

मी त्याच क्षणी म्युझियमला फोन लावला. बाई फार प्रेमानं बोलल्या. कातड्यातले किडे मरावेत म्हणून बूट फ्रीझरमधे होता. शिवाय तुम्ही सही केली आहे ना, परत द्यायचा तर समितीपुढे विषय ठेवावा लागतो, समिती मार्चमधे बसते. हवी तर हुबेहूब नक्कल करून देऊ, म्हणाल्या. मी विचारलं, नकलेत कुणाचा पाय उतरलेला असतो का? त्या म्हणाल्या, तुम्ही बऱ्या आहात ना?

मिसेस प्रॉबर्ट बूट चढवत ऐकत होत्या.

"दुसरा ठेवता येतो," त्या म्हणाल्या. "पोरीचाच. जुना, झिजलेला, पाय उतरलेला. तेवढं पुरतं तिला."

"आणि हेटी?"

"पाय वाचेल."

"आणि?"

त्यांनी नाडी बांधली. खाली बघूनच बोलल्या. "जिचा बूट, ती इथली होते, पोरी. आयुष्य जगेल ती, लग्न करेल, काय हवं ते करेल. पण शेवटी... पहिली गेली का कुठे?"

फायरप्लेसमधून आवाज आला. कातडं, विटेवर. आम्ही दोघींनी ऐकला आणि दोघींनी न ऐकल्यासारखं केलं.

मला सगळ्यांत आधी काय आलं असेल, तर राग. भीती मला रोज वाटते. जिन्याची वाटते, घशात अडकतील म्हणून द्राक्षांची वाटते, शाळेतल्या सहलीच्या बसची वाटते. राग क्वचित येतो. या घरानं चारशे वर्षं आयांना एकच हिशेब शिकवला होता, की एक मूल वाचवायला तेच मूल गहाण टाका. आणि आयांनी तो निमूट मानला होता.

"माझी मुलगी भिंतीत राहणार नाही," मी म्हटलं. "आत्ता नाही, मेल्यावर नाही. बूट हवाय ना? माझा देते."

"मोठ्यांचा ठेवत नाहीत."

"का?"

"ते नाही माहीत. माझ्या आजीलाही नव्हतं माहीत. पण ऐकले तेवढे सगळे पोरांचेच."

"म्हणजे कुणी करून पाहिलं नाही," मी म्हटलं. वर्गात म्हणते तसंच म्हटलं.

मिसेस प्रॉबर्टनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत मी पडदे चुकीचे लावणारी बाई नव्हते. "माझ्या आईनं नाही हो म्हटलं असं," त्या म्हणाल्या, आणि अंड्यांची टोपली उचलून गेल्या.

गुरुवारी क्लाइव्हचा निरोप आला. शुक्रवारची दुपार शेवटची. त्या रात्रीपासून पारा शून्याखाली. चुना गोठला की मेला, मग मार्चपर्यंत त्याला हात लावायचा नाही. कोनाडा बंद करायचा असेल तर उद्याच. हेटीचा पाय त्या सकाळी एकशे एकोणपन्नास. मार्चपर्यंत थांबायला माझ्यापाशी मिलिमीटर नव्हते.

शुक्रवारी दुपारी मी हेटीला मिसेस प्रॉबर्टकडे सोडलं. साडेतीनलाच अंधारून आलं होतं. अंगणात क्लाइव्ह चुना कालवत होते. फावड्याचा ओला, लयीतला आवाज येत होता आणि तो आवाज माणसाचा आहे याचं मला फार बरं वाटत होतं. मी माळ्यावरून माझे डोंगर चढायचे बूट काढले. अकरा वर्षं वापरलेले. हेटी पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत याच बुटांत चालले होते. नंतर वाकता येईना तेव्हा ह्यू नाड्या बांधून द्यायचा. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या कडेनं झिजलेली. आत हात घातला. पाच खळगे होते.

जाळीचं कुलूप काढलं आणि गुडघ्यांवर बसले. कोनाड्यातून गार वास येत होता, ओल्या कातड्याचा. चरबीचा. वरच्या ओकच्या तुळईवर कुणीतरी कधीतरी मुद्दाम ज्योत टेकवून केलेले जळके डाग आहेत, ओळीनं, थेंबांसारखे. आगीपासून, आणि इतर गोष्टींपासून घर राखायला केलेले. मी ते मोजले. मोजलं की मला धीर येतो. चौदा होते.

मग आत काहीतरी हललं.

दिसलं काहीच नाही. अंधार होता तिथेच अंधार होता. पण टक्‌... टक्‌ टक्‌... असा आवाज आला, वाट बघून कंटाळलेलं मूल पायाची बोटं विटेवर आपटतं तसा.

"ऐक," मी म्हटलं. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हटलं. "ऐक. तुझा बूट मी घालवला. चूक माझी, पोरीची नाही. तिचा पाय तुला मिळणार नाही. तिचा बूटही मिळणार नाही. हा माझा आहे. यात मी अकरा वर्षं चालले आहे. हवा तर घे, नको तर तशीच बस थंडीत."

मी बूट आत सरकवला. नाड्या माझ्या हातात होत्या, का सोडल्या नाहीत ते ठाऊक नाही. काही क्षण काही झालं नाही. चुना कालवण्याचा आवाज अंगणात चालू होता. मग कोनाड्यातला गारवा दाटून एका जागी आला. बुटाची जीभ माझ्या डोळ्यांदेखत किंचित वर उचलली गेली, आणि माझ्या हातातल्या नाड्या ताणल्या गेल्या. आतून. बूट भरला होता.

मी ओरडले नाही. सांगते काय केलं. रोज सकाळी दाराशी, शाळेला उशीर होत असताना, जे करते तेच माझ्या हातांनी केलं. नाड्या ओढल्या, आवळल्या, गाठ मारली. मग तिच्यावर दुसरी गाठ.

"आता सोडायचा नाही," मी म्हटलं.

क्लाइव्ह घमेलं घेऊन आत आले. त्यांनी कोनाड्यात पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं. हात काजळीनं माखले होते.

"मोठ्या माणसाचा?"

"माझा."

"मी आजवर नऊ परत ठेवलेत," ते म्हणाले. "असा एकही नाही." पण विटा भिजवल्या, एकेक बसवली, चुना दाबला, थापी फिरवली. जाताना ते मला बाईसाहेब म्हणाले नाहीत. दारात टोपी काढून हातात धरली, मग घातली आणि गेले.

त्या रात्री मी मोजलं नाही. शनिवारी सकाळी मोजलं, तीनदा. एकशे अठ्ठेचाळीस. रविवारी एकशे अठ्ठेचाळीस. सोमवारी सकाळी मोजलं आणि पट्टी हातात धरून जमिनीवरच बसून राहिले. एकशे एकावन्न.

मिसेस प्रॉबर्ट म्हणाल्या होत्या, गेलं ते गेलं. पण हेटीचं गेलेलं परत येत होतं. नाताळपर्यंत एकशे साठ. ह्यूनं चारदा मोजलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नाक शिंकरलं. तज्ज्ञांकडे गेलो तोपर्यंत दोन्ही पाय एकशे बहात्तर, अगदी सारखे, आणि तज्ज्ञांनी माझ्याकडे तसंच पाहिलं, डॉक्टरांनी पाहिलं होतं तसं. बघू दे. मी मिसेस प्रॉबर्टना सांगायला गेले तर त्यांनी आनंदानं माझा हात दाबला, आणि मग बराच वेळ सोडला नाही. "परत का देतेय ती?" त्या पुटपुटल्या. मी म्हटलं, ऐकलं तिनं माझं, म्हणून.

ह्यू म्हणतो, विकून टाकू हे घर. मी नाही म्हणते. मिसेस प्रॉबर्टच्या हिशेबानं मी आता इथलीच झाले आहे, तर झाले. जिन्याची, द्राक्षांची भीती अजून वाटते, पण त्या फायरप्लेसची वाटत नाही. निदान वाटू द्यायची नाही असं ठरवलं आहे. ती माझ्या बुटात आहे, आणि जी माझ्या बुटात आहे तिनं माझ्या घरात माझं ऐकलं पाहिजे. एवढं साधं आहे ते. असं मी रोज स्वतःला सांगते.

फक्त दोन गोष्टी आहेत. चुन्याला केसाएवढी चीर गेली आहे, खालपासून वरपर्यंत. चुना आकसतो, क्लाइव्ह म्हणतात. आणि आवाज. तो थांबला नाही. पूर्वी कातडं हलकंच घासायचं. आता विटेमागे बूट टेकतो. जड. गेल्या महिन्यात एकदा यायचा, आता दुपारभर येतो.

काल दुपारी हेटी टेबलापाशी बसून उकडलेल्या अंड्यात टोस्टच्या पट्ट्या बुडवून खात होती, दोन्ही पाय जोरजोरात हलवत. आवाज आला. मी हातातलं फडकं टाकलं, तडक फायरप्लेसपाशी गेले, जाळी बाजूला केली आणि विटांवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. घाबरत नाही हे दोघींनाही कळावं म्हणून, हेटीलाही आणि तिलाही.

"काय गं," मी मोठ्यानं विचारलं, "बसला का बूट?"

आतून काही आलं नाही. चीर होती तिथे जरासा चुना भुरभुरला. मग माझ्या मागे, तोंडात घास असतानाच, अगदी सहज, हेटी बोलली.

"मोठा होतोय म्हणते, आई. पण चालेल म्हणते... वाढत्या पायाचा आहे."